बेचाळीस किलोमीटरच्या पलीकडे: अतिदीर्घ पल्ल्याच्या शर्यतींचा आढावा

विषयाची व्याप्ती

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर ठरलेले आहे आणि त्याहून लांब पल्ल्याच्या कोणत्याही धावशर्यतीस अल्ट्रामॅरेथॉन म्हटले जाते. या शर्यतींचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात अंतर ठरलेले असते. ५० किंवा १०० किलोमीटर, अथवा १०० मैल म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर धावायला किती वेळ लागला, हे त्यात मोजतात. दुसऱ्या प्रकारात वेळ ठरलेली असते. १२ तासांत, २४ तासांत किंवा सहा दिवसांत धावपटूने किती अंतर कापले, यावर क्रम लागतो. तिसरा प्रकार अलीकडचा असून त्यास बॅकयार्ड अल्ट्रा म्हणतात. त्यात दर तासाला सुमारे ६.७ किलोमीटरचा एक फेरा पुरा करून पुढच्या तासाच्या ठोक्याला पुन्हा उभे राहावे लागते आणि एकच धावपटू मैदानात उरेपर्यंत शर्यत चालू राहते. २४ फेऱ्यांचे बरोबर १०० मैल होतात, हा त्या विचित्र वाटणाऱ्या अंतराचा हिशेब आहे. शेकडो किलोमीटरच्या सायकल शर्यती, समुद्रातील दीर्घ जलतरण आणि पोहणे, सायकल व धावणे यांची सांगड घालणाऱ्या स्पर्धा यांचाही विचार याच क्षेत्रात केला जातो.

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील वळसंगसारख्या गावाला हा विषय वाटतो तितका परका नाही. कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारे लाखो भाविक सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर बहुधा एका रात्रीत चालून जातात, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब पल्ला या जिल्ह्यातील असंख्य माणसे दरवर्षी पायाखाली घालतात. पंढरपूर याच जिल्ह्यात असल्यामुळे आषाढी वारीचे शेवटचे मुक्कामही याच भूमीवर पडतात. माणसाचा दमसास कुठवर पुरतो, त्याची किंमत शरीराला काय मोजावी लागते आणि ती मोजताना माणसाची काळजी कोणी घ्यायची, या प्रश्नांची जगभर चाललेली चर्चा म्हणूनच येथील वाचकाच्याही जवळची आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मॅरेथॉनच्या दंतकथेपेक्षा अल्ट्रामॅरेथॉनचा आधार जुना आहे. मॅरेथॉनच्या लढाईसाठी मदत मागायला अथेन्सचा निरोप्या स्पार्टापर्यंत धावत गेला, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवले आहे. हे अंतर सुमारे २४० किलोमीटर भरते. हा पल्ला धावणे खरोखर शक्य आहे का, हे तपासण्यासाठी ब्रिटिश हवाई दलातील जॉन फोडेन आणि त्यांचे सहकारी १९८२ साली त्या वाटेने धावले, आणि पुढच्याच वर्षी २४६ किलोमीटरची स्पार्टाथलॉन ही शर्यत सुरू झाली. ती ३६ तासांत संपवावी लागते. ग्रीसच्या यानिस कूरोस यांनी १९८४ साली ती २० तास २५ मिनिटांत पूर्ण केली.

क्रीडाप्रकार म्हणून या शर्यतींचा उगम एकोणिसाव्या शतकातील ब्रिटन-अमेरिकेत सापडतो. तेथे बंदिस्त सभागृहांतील गोल मार्गावर सहा-सहा दिवस चालण्या-धावण्याच्या स्पर्धा भरत आणि त्या पाहण्यासाठी तिकीट काढून गर्दी लोटत असे. १८८८ साली इंग्लंडच्या जॉर्ज लिटलवुड यांनी सहा दिवसांत सुमारे १००३ किलोमीटर अंतर कापले. हा विक्रम मोडण्यासाठी १९८४ साल उजाडावे लागले आणि तो मोडणारेही कूरोसच होते.

आजच्या शर्यतींपैकी दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉनला ज्येष्ठत्वाचा मान आहे. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ विक क्लॅपहॅम यांनी ती १९२१ साली सुरू केली. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधील सुमारे ९० किलोमीटरचा हा मार्ग साधारणपणे एका वर्षी चढाचा, तर दुसऱ्या वर्षी उताराचा असतो. ज्या पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर १८९३ साली गांधीजींना रेल्वेच्या डब्यातून उतरवण्यात आले, तेच हे शहर. या शर्यतीतही कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७५ साली मिळाला, ही नोंद या क्षेत्राचा इतिहास लिहिताना वगळता येत नाही.

पुढचा विस्तार डोंगर आणि वाळवंटांकडे झाला. कॅलिफोर्नियात घोड्यांसाठी असलेली १०० मैलांची शर्यत १९७४ साली गॉर्डी एन्सले यांनी पायी धावून २४ तासांच्या आत संपवली, आणि त्यातून वेस्टर्न स्टेट्स ही शर्यत उभी राहिली. १९८६ पासून मोरोक्कोच्या वाळवंटात मॅरेथॉन दे साब्ल होते, तर २००३ पासून माँ ब्लाँ पर्वताभोवती तीन देशांतून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची यूटीएमबी होते. सपाट मार्गावरच्या वेगाचीही याच काळात कमाल झाली. लिथुआनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिन यांनी २०२२ साली २४ तासांत ३१९.६ किलोमीटर अंतर कापले, म्हणजे दिवस-रात्र ताशी १३ किलोमीटरहून अधिक वेग राखला.

महाराष्ट्रातील वाटचाल

मराठी मुलखात लांब पल्ला प्रथम कामाचा भाग होता. मराठेशाहीतील टपाल आणि बातमी जासूद-हरकाऱ्यांच्या पायांवर चालत असे. क्रीडेच्या नोंदीत हा पल्ला १९१९ च्या सुमारास आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या ग्रामीण तरुणांची वेळ पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय चमू गेला. त्यातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत धावून एकोणिसावा क्रमांक मिळवला.

अतिदीर्घ पल्ल्याकडे महाराष्ट्र आधी पाण्यातून आणि मग रस्त्यावरून वळला. मुंबईच्या रूपाली रेपाळे यांनी १९९४ साली बालवयात इंग्लिश खाडी पोहून पार केली, तर पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ साली जगातील सात अवघड सागरी खाड्या पोहण्याचे आव्हान पूर्ण केले. सायकलिंगमध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर चालणारी रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे ‘रॅम’, ही कसोटीची शर्यत मानली जाते. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली दोघांच्या संघाने ती पूर्ण केली. २०१७ साली सैन्यदलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर शर्यत या स्पर्धेची पात्रता फेरी म्हणून ओळखली जाते.

धावण्यात पुण्याचे आशिष कासोदेकर यांचे नाव ठळक आहे. लडाखमधील ला अल्ट्रा शर्यतीचा ५५५ किलोमीटरचा पल्ला त्यांनी २०१९ साली पूर्ण केला आणि २०२१-२२ च्या हिवाळ्यात सलग ६० दिवस रोज एक मॅरेथॉन धावून एकूण २५०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले. सिंहगड, राजगड आणि तोरणा हे गड जोडणारी एसआरटी अल्ट्रा, लोणावळ्याची टाटा अल्ट्रा आणि मुंबईत मैदानी मार्गावर होणाऱ्या १२ व २४ तासांच्या धावा यांमुळे हा छंद राज्यात रुजला. कॉम्रेड्सला जाणाऱ्या परदेशी धावपटूंत आता भारतीयांचा गट मोठ्या गटांपैकी एक असतो. २०२२ साली बंगळुरूला झालेल्या आशिया-ओशेनिया २४ तास स्पर्धेत भारतीय पुरुषांनी वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली, हे या वाढीचे फळ म्हणता येईल.

मर्यादा कुठे आहे: स्नायूंत, मेंदूत की पोटात?

थकवा कशामुळे येतो, याविषयी तीन भूमिका मांडल्या जातात. पहिली भूमिका जुनी असून ती ए. व्ही. हिल यांच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील संशोधनापासून चालत आली आहे. तिच्या मते हृदयाने पुरवलेला प्राणवायू आणि स्नायूंतील इंधन संपत आले की शरीर थांबते. हे इंधन म्हणजे ग्लायकोजेन, अर्थात स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर; ती साधारण ५०० ग्रॅम असते आणि दोन-तीन तासांच्या जोरकस धावण्यात ती बरीचशी खर्ची पडते. त्यानंतर शरीराला चरबीवर आणि वाटेत खाल्लेल्या अन्नावर भागवावे लागते.

दुसरी भूमिका दक्षिण आफ्रिकेचे शरीरशास्त्रज्ञ टिम नोक्स यांची आहे. त्यांच्या मते शरीर मोडण्याच्या बरेच आधी मेंदू स्नायूंना आवर घालतो, आणि थकवा ही मेंदूने दिलेली संरक्षक जाणीव असते. पूर्ण गळून गेलेला धावपटू अंतिम रेषा दिसताच वेग वाढवतो, याचा उलगडा या मांडणीने होतो. मात्र हा आवर मेंदूत नेमका कुठे आणि कसा घातला जातो, हे दाखवणे अवघड असल्यामुळे अनेक अभ्यासक तिला सिद्धांतापेक्षा उपयुक्त कल्पना मानतात.

तिसरी भूमिका पचनाशी निगडित आहे. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली असे मांडले की काही तासांच्या शर्यतीत माणूस विश्रांतीच्या कितीतरी पट ऊर्जा खर्च करू शकत असला, तरी आठवडे-महिने चालणाऱ्या श्रमांत हा खर्च विश्रांतीकालीन खर्चाच्या सुमारे अडीचपटीवर स्थिरावतो, कारण त्याहून अधिक ऊर्जा आतडी अन्नातून मिळवून देऊ शकत नाहीत आणि उरलेली तूट शरीर स्वतःला झिजवून भरून काढते. यानुसार दीर्घ पल्ल्याची अंतिम मर्यादा पायांत नसून पोटात आहे.

शर्यतीच्या वाटेवरचे खाण्याचे टेबल पाहिले की या वादाला प्रत्यक्ष रूप येते. भारतातील अल्ट्रा शर्यतींत मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, संत्र्याच्या फोडी, चिक्की आणि क्षारयुक्त पाणी मांडलेले असते. रात्री तीनच्या सुमारास गोड नकोसे झालेला धावपटू सगळे सोडून खारट बटाट्याकडे वळतो, तेव्हा पुढचे दहा किलोमीटर त्या बटाट्यावर अवलंबून असतात. प्रवासात दिवसेंदिवस टिकणारी सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांतही पिष्ट, स्निग्ध आणि मीठ यांचा असाच मेळ आहे.

आरोग्यावरील परिणाम

दीर्घ पल्ला हृदयाला अपायकारक आहे का, याबाबत दोन बाजू आहेत. जेम्स ओकीफ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली असा इशारा दिला की वर्षानुवर्षांच्या अतिश्रमाने हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो आणि त्यातून व्रण व अनियमित ठोके उद्भवू शकतात. दीर्घकाळ तीव्र सराव करणाऱ्या पुरुषांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण वाढलेले दिसते, असे इतर अभ्यासांतही आढळले आहे. दुसऱ्या बाजूचे अभ्यासक दाखवून देतात की शर्यतीनंतर रक्तात वाढलेले, हृदयावरचा ताण दाखवणारे घटक बहुतेकांत काही दिवसांत पूर्ववत होतात आणि नियमित धावणाऱ्यांचे आयुर्मान कमी झाल्याचा पुरावा नाही.

या संदर्भात २००९ ची ट्रान्सयुरोप शर्यत महत्त्वाची ठरली. इटलीतील बारीपासून नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत ६४ दिवसांत सुमारे ४४८७ किलोमीटर धावणाऱ्यांसोबत चुंबकीय प्रतिमा घेणारे यंत्र ट्रकवर बसवून नेण्यात आले आणि वाटेत त्यांची वारंवार तपासणी झाली. धावपटूंच्या मेंदूतील करड्या भागाचे आकारमान शर्यतीत सुमारे सहा टक्क्यांनी घटले आणि आठ महिन्यांत ते भरून आले. शरीर झिजते आणि पुन्हा उभेही राहते, ही या अभ्यासाची दुहेरी शिकवण आहे.

तातडीच्या धोक्यांबाबत मतैक्य अधिक आहे. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि भान हरपते. अशा वेळी रुग्णाला जागच्या जागी थंड पाण्यात बुडवणे हा सर्वात परिणामकारक उपाय आहे. पाण्याविषयीचा सल्ला मात्र पूर्ण बदलला. एकेकाळी धावपटूंना जमेल तितके पाणी प्यायला सांगितले जात असे. परंतु १९८१ च्या कॉम्रेड्समध्ये अति पाणी प्यायल्यामुळे रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर उतरलेले रुग्ण आढळले आणि नोक्स यांनी त्यांची नोंद केली. आता तहान लागेल तसे पिणे हा सर्वसाधारण नियम मानला जातो. उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात या नियमाला आणखी एक जोड लागते: उष्णतेची सवय होण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात.

स्त्रिया आणि दीर्घ पल्ला

मॅरेथॉनमध्ये अव्वल पुरुष आणि अव्वल स्त्री यांच्या वेळांत सुमारे दहा टक्क्यांचे अंतर असते. पल्ला वाढत गेला की हे अंतर घटते, असे काही अभ्यासक मानतात. चरबीचा इंधन म्हणून अधिक कार्यक्षम वापर, स्नायूंचा उशिरा येणारा थकवा आणि वेगावरचा संयम ही त्यांनी सांगितलेली कारणे आहेत. पॅम रीड यांनी २००२ आणि २००३ साली अमेरिकेतील डेथ व्हॅलीची २१७ किलोमीटरची बॅडवॉटर शर्यत पुरुषांसह सर्वांना मागे टाकून जिंकली. ब्रिटनच्या जास्मिन पॅरिस यांनी २०१९ साली हिवाळ्यातील सुमारे ४३० किलोमीटरची स्पाइन रेस सर्वांत आधी संपवली, आणि तान्ह्या मुलीसाठी त्या वाटेतील मुक्कामांवर दूध काढून ठेवत होत्या. त्यांनीच २०२४ साली अमेरिकेतील बार्कली ही शर्यत ६० तासांच्या मुदतीत अवघे ९९ सेकंद राखून पूर्ण केली आणि तसे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

उलट बाजूचे म्हणणे असे की अशी उदाहरणे नियम सिद्ध करत नाहीत. २०२३ अखेरचे २४ तासांचे विक्रम पाहिले तर पुरुषांचे ३१९ आणि स्त्रियांचे २७० किलोमीटर यांत सुमारे पंधरा टक्क्यांची तफावत आहे. शिवाय या शर्यतींत उतरणाऱ्या स्त्रिया संख्येने कमी आणि निवडक असल्यामुळे सरासरींची तुलना दिशाभूल करू शकते. रात्रीच्या सरावासाठी सुरक्षित रस्ता आणि घरकामातून सुटलेला वेळ या गोष्टी शरीरशास्त्राच्या आधी येतात आणि लहान गावात त्या अधिक दुर्मीळ असतात. त्यामुळे सहभाग समान होईपर्यंत हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

सुरक्षितता आणि आयोजकांची जबाबदारी

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट, पाऊस आणि बोचरे वारे सुटले आणि १७२ स्पर्धकांपैकी २१ जण गारठून मरण पावले. मृतांत देशातील अव्वल धावपटूही होते. अनेकांच्या अंगावर पातळ कपडे होते आणि अवघड चढावर वाहन पोहोचू शकत नव्हते. झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने सहा जणांना आपल्या आसऱ्याच्या गुहेत आणून शेकोटीपाशी ऊब दिली म्हणून ते वाचले.

या घटनेनंतर जबाबदारीविषयी दोन मते पुढे आली. एक मत असे की अशा वाटेवर पाऊल टाकणारा प्रौढ माणूस धोका पत्करूनच येतो आणि नियमांची दाटी झाली तर साहसाचा अर्थच उरत नाही. दुसरे मत असे की पन्नासाव्या किलोमीटरनंतर धावपटूचा निर्णय त्याच्या थकलेल्या मेंदूचा असतो, म्हणून थांबवण्याचा अधिकार आयोजक आणि डॉक्टर यांच्याकडेच हवा. व्यवहारात दोन्हींचा मेळ घालण्यासाठी सक्तीचे साहित्य, वैद्यकीय तपासणी आणि ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळेत पोहोचण्याची ‘कटऑफ’ मुदत ही साधने वापरली जातात. कॉम्रेड्समध्ये बारा तास पूर्ण होताच एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून पिस्तूल झाडतो आणि रेषा बंद होते. एक पाऊल मागे राहिलेल्यालाही पदक मिळत नाही. हा नियम निष्ठुर वाटला तरी तो सर्वांसाठी एकच असतो.

शर्यत आणि वारी

अतिदीर्घ श्रमांचा धर्माशी असलेला संबंध जगभर आढळतो. जपानच्या हिएइ पर्वतावरील तेंदाई भिक्षू सात वर्षांत विभागलेल्या एक हजार दिवसांचे चालण्याचे व्रत करतात. न्यूयॉर्कमध्ये श्री चिन्मय यांच्या अनुयायांनी १९९७ पासून सुरू केलेल्या ३१०० मैलांच्या शर्यतीत एकाच वस्तीभोवतीच्या ८८३ मीटरच्या पदपथाला ५२ दिवसांत ५६४९ फेऱ्या मारल्या जातात.

वारीला या मालिकेत बसवावे का, यावर मतभेद संभवतात. साम्य दाखवणारे सांगतात की आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा पल्ला साठी-सत्तरीची माणसे जवळजवळ तीन आठवड्यांत चालतात, रोजचा टप्पा आणि मुक्काम ठरलेला असतो आणि माळशिरस तालुक्यात वेळापूरजवळ वारकरी पंढरीच्या ओढीने चक्क धाव घेतात. भेद दाखवणारे सांगतात की वारीत क्रमांक नाही, घड्याळ नाही आणि मागे राहिलेल्याला बाद करणारी मुदतही नाही. तेथे दिंडीच थांबते. दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी गोष्ट एवढीच की दोन्हीकडे पल्ला एकट्याच्या पायांनी पुरा होत नाही. तुळजापूरच्या वाटेवर चहा-केळी घेऊन उभा असलेला आणि अनोळखी माणसाच्या पायाला तेल चोळणारा स्वयंसेवक, आणि अल्ट्रामध्ये पहाटे धावपटूच्या टाचेवरच्या फोडाला पट्टी लावणारा सहायक, या दोघांचे काम एकच आहे.

अनिर्णित प्रश्न

आजमितीस चार प्रश्न खुले आहेत. दशकानुदशके अल्ट्रा धावणाऱ्यांच्या हृदयाचे पुढे काय होते, हे सांगणारी दीर्घकालीन निरीक्षणे अपुरी आहेत, आणि जी आहेत ती बहुतांशी युरोप-अमेरिकेतील पुरुषांची आहेत. उष्ण आणि कोरड्या प्रदेशात वाढलेल्या भारतीय शरीराविषयी त्यांतून थोडेच कळते. थकव्याचे मूळ मेंदूत, स्नायूंत की पचनात, यावर एकमत नाही, आणि पल्ल्यानुसार उत्तर बदलत असण्याची शक्यताही आहे. तिसरा प्रश्न पैशाचा आहे: प्रवेशशुल्क, बूट, प्रवास आणि सुट्टी यांचा खर्च पाहता हा खेळ शहरी मध्यमवर्गाचा झाला आहे, आणि १९२० साली ज्या खेडोपाडीच्या अनवाणी पायांनी ऑलिम्पिकची वाट दाखवली, त्यांचे वारस त्यात कमी दिसतात. चौथा प्रश्न सह्याद्रीच्या वाटांचा आहे, कारण गडांवर वाढणाऱ्या शर्यतींचा भार तेथील झाडोरा, माती आणि पाणी किती पेलतील, याचे मोजमाप व्हायचे आहे.

माणूस किती लांब धावू शकतो, या प्रश्नाला सव्वाशेहून अधिक वर्षांत वेळोवेळी नवे उत्तर मिळाले आहे आणि ते पुढेही बदलत राहील. आजवरच्या पुराव्यातून एवढे मात्र ठामपणे म्हणता येते की पल्ला वाढत गेला तशी वेगापेक्षा अन्नाची, पाण्याची, झोपेची आणि वेळीच थांबण्याची गरज वाढत गेली. या गोष्टी गान्सूच्या डोंगरात एका मेंढपाळाने शेकोटीपाशी पुरवल्या. सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर कोजागरीच्या रात्री त्या दरवर्षी, कोणाचे नाव न विचारता पुरवल्या जातात. उद्या या परिसरात दीर्घ पल्ल्याची शर्यत उभी राहिली, तर तिला लागणारी सर्वांत अवघड गोष्ट येथे आधीपासूनच आहे.